लाल शाईतलं नाव

या मित्रांनो, या. असे लांब बसू नका, सतरंजी मोठी आहे. मला सांगायचं आहे ते मोठ्या आवाजात सांगवत नाही, म्हणून जवळ सरका. गोष्ट एका नावाची आहे, आणि ते नाव मी झाकलं. कीर्तनकार आधी देवाला नमन करतात. मी आधी कान धरतो. मला कान नाहीत, पण असते तर धरलेच असते.

मी एक जुना पितळी टेबल-दिवा आहे. उज्जैनला भय्यासाहेबांच्या घरी राहतो. माझा जन्म इंदूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. लेथवर माझी बैठक घडली, मान वाकावी म्हणून लवचीक नळी जोडली, वर हिरवी टोपी बसवली. होल्डर मात्र कारागिराने बारीक लावला. आमच्याकडे घरोघरी पिनेचे बल्ब, आणि माझ्या गळ्यात बारीक आटे. दुकानदार त्याला छोटी चूडी म्हणतात. माझं सगळं दुर्दैव त्या बारीक गळ्यापासून सुरू झालं, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होतो. ते खोटं आहे. ते माझ्या मनापासून सुरू झालं.

भय्यासाहेबांनी मला घेतलं तेव्हा ते बँकेत होते आणि नुकतेच कीर्तनाला उभे राहू लागले होते. नारदाच्या गादीवर पोटासाठी उभं राहायचं नाही, सेवा म्हणून राहायचं, हा त्यांचा नेम. उंच स्टुलावर त्यांची वही, आणि वहीवर मान वाकवून मी. निरूपण आणि पदं ते काळ्या शाईत लिहीत. जे विसरून चालणारच नाही ते लाल शाईत लिहीत. तिथ्या, गावं, नावं. त्यांचा आवाज लागला की माझी पितळी बैठकसुद्धा किंचित घुमायची. अशा कीर्तनात उजेड धरायला मिळणं म्हणजे केवढं भाग्य, पण ते मला तेव्हा कळत नव्हतं.

त्यांच्या मागे, तबल्याच्या शेजारी, काकू बसत. त्या झांज वाजवत आणि पदाचं ध्रुपद उचलून धरत. बावीस वर्षं. बुवांचा श्वास कमी पडला की काकूंचा आवाज खालून आधार द्यायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, बुवाच गातायत. मंडळाच्या हळदीकुंकवाच्या यादीतही त्या ‘झांजवाल्या काकू’ अशाच होत्या. कीर्तनाआधी पदराने माझी टोपी पुसायच्या आणि म्हणायच्या, “तुझं बरं आहे रे बाबा, बुवांच्या पुढं उभा असतोस. आम्ही आपले मागं.”

मग दिवस पालटले. माझ्या गळ्यात बसेल असा बल्ब बाजारातून नाहीसा झाला. शेवटचा उडाला तेव्हा भय्यासाहेबांनी मला हलवून पाहिलं, आणि बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिलं. चार वर्षं मी तिथे धूळ खात होतो. काकू येत, वर बघत आणि म्हणत, “ह्याला कोणी पुसत नाही वाटतं.” नंतर काकूही यायच्या थांबल्या. गेल्या चैत्रात त्या गेल्या.

श्रावणाच्या तोंडावर त्यांचे यजमान प्रकाशराव शहरातल्याच नानाखेड्याहून आले. चहा झाला, आणि कप खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, “भय्यासाहेब, श्रावणातली एक सेवा तिच्या स्मरणार्थ करायची आहे.”

“करू ना. काकूंची नाही करणार तर कोणाची करणार?”

“तेच तर.” प्रकाशराव हसले. “ती म्हणायची, भय्यासाहेब देवाची हजार नावं घेतात, माझं एक त्यांना माहीत नाही. शर्त लावते, विचारून बघा.”

 मी कपाटावरून बघत होतो. ज्या माणसाला अख्खी आख्यानं पाठ, त्याला ते एक नाव येत नव्हतं.

“खरं सांगतो प्रकाशराव, मला नाही ठाऊक. मी काकूच म्हणत आलो.”

“तुम्ही काय, मी तरी कुठं घेत होतो? आपलं ‘अगं ऐकतेस का’, बस. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, ते पण बहिणीनं चिमटा काढला म्हणून.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “एकदाच घ्या. माइकवरून, सगळ्यांसमोर. दुसरं काही नको.”

त्यांनी नाव हळूच सांगितलं. भय्यासाहेबांनी नवी वही काढली आणि ते लाल शाईत, मोठ्या अक्षरांत लिहिलं.

आता भय्यासाहेबांचं वय अठ्ठ्याहत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी वहीवर जवळचा उजेड लागतोच. म्हणून मी खाली उतरलो. सूनबाई मधुरा माझ्यासाठी फ्रीगंजच्या बाजारातून बल्ब घेऊन आली, तो मोठ्या आट्यांचा निघाला. मग आटे जुळवणारी एक जोडणी आणली. ती लावली तर बल्ब टोपीच्या बाहेर डोकावू लागला आणि उजेड थेट भय्यासाहेबांच्या डोळ्यांत. तिसऱ्या खेपेला तिने मलाच पिशवीत घातलं.

दुकानदार विलासभाऊंनी माझा गळा पाहिला. “वहिनी, चूडीत पण लहान-मोठी असते. नवऱ्याचा शर्ट घ्यायला माप घेऊन येता ना? मग दिव्याचं नको?”

“शर्ट पण चुकीचाच आणते. घरी विचारून बघा.”

त्यांनी दोन डबे पुढे ठेवले. “दोन्ही छोट्या चूडीचे, आता पुन्हा मिळायला लागलेत. हा साधा, पिवळसर उजेडाचा. आणि हा स्मार्ट. फोनवरून चालतो, दीड कोटी रंग.”

“दीड कोटी? मला साडीचे सात सांगता येत नाहीत.”

“फक्त भिंतीचं बटण चालूच ठेवायचं. ते बंद केलं की हा झोपला, मग फोन काय करणार? भय्यासाहेबांना सांगून द्या.”

“त्यांना? ते शेजाऱ्यांचा गीझर पण बंद करून येतील.” मधुरा हसली, मग म्हणाली, “साधाच द्या. बाबांना वाचायचंच तर आहे.”

मित्रांनो, इथे माझं पाप सुरू होतं. विलासभाऊंनी साधा बल्ब बसवला. तो कसा ठीक लागला होता. शांत, देवापुढच्या निरांजनासारखा. पण चार वर्षं माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. मला दीड कोटी रंग हवे होते. मी गळा सैल सोडला. बल्ब लुकलुकला आणि गेला. त्यांनी पुन्हा पिळला, मी पुन्हा सैल सोडला. मग त्यांनी रंगांचा बसवला, आणि तो मी असा घट्ट धरला की विचारू नका. मी निळा झालो, जांभळा झालो. दुकानातली माणसं वळून बघू लागली.

“साधा ह्याला बसत नाही दिसतं,” विलासभाऊ म्हणाले.

“मग हाच द्या,” मधुरा म्हणाली. तिला वाटलं तिने निवडला. निवडला मी होता.

घरी तिला नवीनच कल्पना सुचली. आख्यानाप्रमाणे रंग बदलायचे. भय्यासाहेब म्हणाले, “मधुरा, कीर्तन आहे, ऑर्केस्ट्रा नाही.”

“बाबा, मुलं येतील ना कीर्तनाला. नाहीतर तेच ते वीस जण, त्यातले दहा झोपलेले.”

“झोपलेलेसुद्धा ऐकतात,” भय्यासाहेब म्हणाले, पण सुनेचं मन त्यांना मोडवेना.

कीर्तनाच्या दिवशी मंडळाचा हॉल भरला होता. प्रकाशराव पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत काकूंची झांज. पूर्वरंगाला भय्यासाहेबांनी नाममहिमा घेतला. नामाने पाप जळतं, नामाने पाषाण तरतो. मी तेव्हा पांढरा होतो, आणि वहीवरचं अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं. मध्यंतरात हार झाला, बुक्का लागला आणि उत्तररंगाला सुदामा निघाला. सुदामा म्हणजे आमच्या उज्जैनच्या गुरुकुलात शिकलेला विद्यार्थी, त्यामुळे त्याच्या कथेला लोक घरच्यासारखे बसतात.

मधुराने हॉलच्या ट्यूबलाइट मालवायला सांगितल्या. गुरुमाउलीसाठी लाकडं आणायला गेलेली दोन पोरं रानात पावसात सापडली, आणि मी निळा झालो. “वा,” मागून कोणीतरी म्हणालं. द्वारका आली, मी सोनेरी झालो. मुलं पुढे सरकून बसली. मित्राला पाहून देव अनवाणी धावला, नगरीत गुलाल उधळला, आणि मी लालभडक झालो. टाळ्या पडल्या. त्या कृष्णाच्या प्रेमाला होत्या, भय्यासाहेबांच्या गळ्याला होत्या. मी त्या माझ्या समजलो.

तेवढ्यात मधुराच्या हातातला फोन थरथरला. माहेरचा होता. ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली. तिच्याबरोबर माझे सगळे रंग गेले, आणि मी होतो तसाच लाल राहिलो.

आख्यान संपलं. भय्यासाहेबांनी चिपळ्या खाली ठेवल्या, वहीचं शेवटचं पान उलटलं आणि हात जोडले. “आजची ही सेवा, बावीस वर्षं माझ्या मागे बसून ज्यांनी मला सांभाळून नेलं, त्या कैलासवासी...”

आणि ते थांबले.

तुम्ही घरी करून बघा. पांढऱ्या कागदावर लाल शाईने लिहा आणि त्यावर लाल उजेड धरा. अक्षर नाहीसं होतं. कागदही लाल, अक्षरही लाल. काळ्या ओळी दिसत होत्या आणि जिथे नाव होतं तिथे मोकळी जागा होती. भय्यासाहेबांनी चष्मा सारखा केला, वही उचलून डोळ्यांशी नेली. आठवडाभर ते नाव त्यांना पाठ होतं. आता रिकामा कागद पाहिला आणि डोक्यातूनही ते निसटलं. त्यांनी समोर पाहिलं, की प्रकाशराव तरी खुणेने सांगतील. समोर सगळा अंधार.

मी तेव्हाही गळा सैल सोडू शकलो असतो. दुकानात दोनदा सोडला होता. मी विझलो असतो तर कोणीतरी उठून ट्यूबलाइट लावली असती, आणि नाव तिथेच होतं. पण सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी घट्ट धरून राहिलो.

“त्या आपल्या काकू,” भय्यासाहेब अखेर म्हणाले, “त्यांच्या चरणी अर्पण.”

लोकांनी हात जोडले. कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. सगळ्यांना त्या काकूच तर माहीत होत्या.

आरती झाली, ट्यूबलाइट लागल्या. प्रकाशराव पुढे आले. त्यांनीच भय्यासाहेबांचा हात हातात घेतला. “असू द्या हो. छान झालं आख्यान. काकू तर सगळेच म्हणायचे.” पिशवी छातीशी धरून ते गर्दीतून निघून गेले.

मधुरा परत आली तोवर भय्यासाहेब वहीवर बोट ठेवून उभे होते. ट्यूबलाइटच्या उजेडात नाव जागच्या जागी होतं, बोटाएवढ्या मोठ्या अक्षरांत.

“हे कुठं गेलं होतं गं?”

मधुराने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. स्टुलावर माझी मान खाली ओढून धरली, हाताने आडोसा केला. माझ्या लाल उजेडात नाव बुडालं. तिने फोनवर बोट फिरवून मला पांढरं केलं. नाव वर आलं. ती खुर्चीवर बसली. “बाबा, हे मी केलं.”

“तू नाही. बावीस वर्षांत मला ते लिहून घ्यावं लागलं, ते मी केलं.”

ते काठी न घेताच रस्त्यापर्यंत धावले. नानाखेड्याची रिक्षा निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ, पूजा आटोपून त्यांनी फोन लावला. सगळं सांगितलं, शाईचं आणि उजेडाचंही. मग फोनवरच हात जोडल्यासारखे करून ते नाव त्यांनी तीनदा घेतलं.  पलीकडून प्रकाशरावांचा आवाज आला. “ऐकलं. बरं वाटलं. पण भय्यासाहेब, इथं ऐकायला मी एकटाच आहे.”

पुढच्या श्रावणात पुन्हा सेवा करू, असं दोघांचं ठरलं. दोघंही अठ्ठ्याहत्तरचे आहेत, हे दोघांपैकी कोणी बोललं नाही.

त्यानंतर मधुरा पुन्हा दुकानात गेली आणि साधा बल्ब घेऊन आली. या वेळी मी तो नीट धरला. नंतर हे कळलं तेव्हा विलासभाऊ तिला म्हणाले म्हणे, “बसला की ओ वहिनी, त्या दिवशी काय झालं होतं?” काय झालं होतं ते मी आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी दिवा आणाल तेव्हा तो भिंतीवर कसा शोभतो ते बघू नका. त्यांची पोथी, त्यांची वही त्याच्याखाली धरा आणि त्यांना विचारा, दिसतं का. आणि दिव्याच्या जन्माला कधी आलात तर माझ्यासारखं वागू नका. लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून दिवा लावत नाहीत. आपण ज्याच्यावर पडतो ते दिसावं म्हणून लावतात.

एवढं बोलून माझं पाप जळणार नाही, मला ठाऊक आहे. पण फोनवर एकटेच प्रकाशराव होते, आणि इथे तुम्ही इतके जण आहात. म्हणून पदर पसरून मागतो. आज घरी जाल तेव्हा, देवापुढे हात जोडाल तेव्हा, एकदा मोठ्याने घ्या. त्यांचं नाव अंबिका होतं. अंबिका प्रकाश बाकरे. झांज वाजवायच्या.