साडेएकोणतीसच्या वर

मार्च महिन्यातल्या एका रविवारी जया आणि चंद्रभान कोराडीहून बसने नागपूरला माझ्याकडे आले. जया माझी एकुलती एक मुलगी, चंद्रभान जावई. तो तिथल्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन होता. जेवणं झाल्यावर त्याने सांगितलं, की आंध्रच्या किनाऱ्यावर एका नव्या कारखान्यात त्याला फोरमनची जागा मिळाली आहे. क्वार्टर मिळणार होतं. जूनमध्ये हजर व्हायचं होतं.

जया माझ्याकडे न बघता ताटं उचलत होती.

"समुद्र किती दूर आहे?" मी विचारलं.

"लागूनच आहे बाबा. पण भिंत बांधली ना त्यायनं. पक्की, पंधरा फूट," चंद्रभान म्हणाला. "अन् उंची कशी काढली मालूम आहे का? जुन्या वादळायच्या तक्त्यावरून. तुमच्याच दफ्तरातला तक्ता. तक्त्यात तेरा निघते, त्यायनं दोन फूट वरून चढवले. मी साहेबाले म्हटलं, आमच्या सासऱ्यायनं तीस वर्षं तिथंच काढली."

मला बरं वाटावं म्हणून तो हे सांगत होता.

जया स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा. जाऊ का नको?"

हा प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता. मी म्हणालो, दोन आठवडे दे.

आमचं दफ्तर लहान होतं. बंगालच्या उपसागरातून जाणाऱ्या जहाजांच्या वह्या तिथे यायच्या आणि त्यांतली निरीक्षणं कार्डांवर उतरवली जायची. वारा, हवेचा दाब, पाण्याचं तापमान. मी तपासनीस होतो. आकडा चुकीचा वाटला तर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारायची आणि कार्ड रद्दच्या पेटीत टाकायचं. चुकीचा कोणता, त्याचा नियम होता. मागच्या पन्नास वर्षांच्या सरासरीवरून दर महिन्याची एक हद्द ठरवलेली होती. नोव्हेंबरची वरची हद्द साडेएकोणतीस अंश. त्याच्या वरचं कार्ड रद्द. आम्ही या नियमाला चाळणी म्हणायचो.

चाळणी लागायचीच. बोटीवरचा थकलेला माणूस सत्तावीसचे सदतीस लिहितो. पण तीस आलं तरी आम्ही रेघ मारायचो, सव्वातीस आलं तरी मारायचो. आणि पुढची सरासरी काढायची ती चाळून उरलेल्या कार्डांवरून. त्यामुळे हद्द कधी जागची हलली नाही. याच कार्डांवरून आणि जुन्या वादळांच्या नोंदींवरून तो तक्ता तयार झाला होता. किती जोराचं वादळ येऊ शकतं, पाणी किती चढू शकतं, जमिनीत किती आत येऊ शकतं.

हे काम मी करत होतो, आणि समुद्र पाहिलेला नव्हता.

सत्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात माझी बायको कौसल्या आपल्या धाकट्या बहिणीच्या, मनकर्णाच्या बाळंतपणाला गेली. मनकर्णाचा नवरा गोविंदा रेल्वेत होता आणि आंध्रच्या किनाऱ्याकडच्या एका लहान स्टेशनावर त्याची बदली झाली होती. नोव्हेंबरात मुलगा झाला. अकराव्या दिवशी दुपारी गोविंदाचा स्टेशनातून माझ्या दफ्तरात फोन आला.

"दादा, इथं वादळ येऊन राहिलं म्हणतात. एक मालगाडी आत बेजवाड्याकडे निघून राहिली. गार्ड म्हणते, बायामाणसं असतीन तर ब्रेकच्या डब्यात बसवून देतो. काय करू? लेकरू अकरा दिवसाचं आहे."

मी विचारलं, स्टेशन समुद्रापासून किती दूर. तो म्हणाला, चार मैल. तक्ता माझ्या टेबलावरच काचेखाली होता. पाणी आत आल्याची सर्वांत जास्त नोंद अडीच मैलांची.

"पाठवू नको," मी म्हणालो. "पाणी तिथवर येत नाही. वारा येईल. दारं-खिडक्या लावून आत बसा. लेकराले वाऱ्यात काहून काढता?"

नागपुरात वावधन सुटलं की आम्ही हेच करतो. दार लावून घेतो, पत्र्यांवर दगड ठेवतो, वारा जाईपर्यंत आत बसतो. वादळ म्हणजे वारा, एवढंच आम्हाला माहीत होतं. पाणी चालत येतं हे आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

मग त्याच्याबरोबर स्टेशनात आलेल्या कौसल्याने फोन घेतला.

"काय म्हणून राहिले?"

"काही होत नाही. तक्त्यात अडीच मैल आहे."

"तुमच्या तक्त्याले इचारून येते का समुद्र?"

"येते," मी म्हणालो. "पन्नास वर्षं इचारूनच येऊन राहिला."

ती हसली. "बरं बरं, साहेब. जयाच्या वेण्या घालून देजा. शेजारच्या अंजनाबाईले सांगू नका, तुम्हीच घाला." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी समुद्र त्या स्टेशनाच्या पलीकडे कितीतरी आत गेला. गोविंदा इंजिनात पाणी भरायच्या टाकीवर चढला होता. तो वाचला. बाकीचे तिघं क्वार्टरमध्ये होते. दारं लावलेली होती.

सहाव्या दिवशी मी तिथे पोहोचलो. कौसल्या सापडली, मनकर्णा आणि बाळ सापडलं नाही. सगळं आटोपल्यावर मी चार मैल चालत गेलो आणि समुद्र पाहिला. तो शांत होता. मी पाण्यात हात घातला. कोमट होतं.

गोविंदा मला एका शब्दाने बोलला नाही. जया तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मी एवढंच सांगितलं, की समुद्र आला.

महिन्याभराने कामावर गेलो. फेब्रुवारीत त्या नोव्हेंबरच्या वह्या आल्या. वादळाच्या आदल्या आठवड्यात त्याच भागातून गेलेल्या तीन वेगवेगळ्या जहाजांची कार्डं माझ्यापुढे एकामागून एक आली. तीस. तीस पूर्णांक दोन. तीस पूर्णांक एक. तिघांनी सारखी चूक केली असेल असं मला वाटलं नाही. तरी मी तिन्हींवर रेघ मारली. नियम होता.

जयाला दोन आठवडे मागून घेतले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी महादेवरावांकडे गेलो. ते आमचे जुने साहेब, माझ्याआधी सहा वर्षं निवृत्त झालेले. अंगणात बसून संत्री सोलत होते. मी त्यांना जावयाच्या कारखान्याचं आणि पंधरा फुटांच्या भिंतीचं सांगितलं.

"साहेब, वादळं वाढून राहिली का?"

"वाढली असं नाही म्हणता येत. मोजली तर तेवढीच आहेत."

"किती ते नाही विचारलं. जोर."

त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. "गरम पाणी वादळाचं खाणं आहे, एवढं पक्कं. दुनिया कोळसा जाळून राहिली त्यानं हवा तापते, मागून समुद्र तापते, असं आता पेपरातही येऊन राहिलं. समुद्र तापला तर वादळ जास्त खाईल. पण तेवढ्यानं सत्याहत्तरचं वादळ त्याच्यापायी झालं, असं मी सांगू शकत नाही. एका वादळावरून कोणी सांगू शकत नाही."

"रद्दच्या पेट्या पाहू द्याल?"

"त्याचा उपयोग नाही मनोहरराव. पहिले बादली टाकून पाणी काढत अन् मोजत. आता बहुतेक जहाजं इंजिनात येणारं पाणी मोजतात. ते जरा गरमच भरते. गरम कार्डं त्याच्यानंही वाढली असतीन."

"बादलीवाल्या जहाजांची वेगळी काढतो. कार्डावर लिहिलेलं असते."

त्यांनी संत्र्याच्या साली गोळा केल्या. मग म्हणाले, "काढा. चिठ्ठी देतो मी. त्या चाळणीच्या नियमाखाली सही माझी आहे."

नऊ दिवस मी दफ्तराच्या गोदामात बसलो. पेट्यांना वाळवी लागली होती, पण कार्डं वाचता येत होती. मी फक्त नोव्हेंबरची आणि फक्त बादलीची कार्डं घेतली, रद्द झालेली आणि ठेवलेली दोन्ही. दफ्तर सुरू झालं तेव्हाच्या दहा वर्षांत शंभरात सहा कार्डं रद्द झाली होती, तीन गरम म्हणून आणि तीन थंड म्हणून. तसंच असायला पाहिजे. चुकणारा माणूस दोन्हीकडे चुकतो. शेवटच्या दहा वर्षांत शंभरात बारा रद्द होती. अकरा गरम, एक थंड. त्यांतल्या पुष्कळ कार्डांवरची रेघ माझी होती. माझी रेघ उजवीकडे जराशी वर जाते.

महादेवरावांनी कागद दोनदा वाचला.

"बादलीची कार्डं थोडी आहेत," ते म्हणाले. "एवढ्यावर काही सिद्ध होत नाही."

"नाही होत."

त्यांनी कागद परत दिला. मी फाटकापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "पंधरा फूट म्हणाले का ते?"

मी कोराडीला गेलो. कॉलनीत तारांवर कपडे वाळत होते आणि त्यांच्यावर वीज केंद्राची राख पडलेली होती. जया एकेक कपडा झटकून घडी करत होती. चंद्रभान सामानाच्या पेट्यांना खिळे मारत होता. त्याचा होकार आधीच गेला होता.

मी त्याला कार्डांबद्दल सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"मग भिंत किती पाहिजे बाबा? आकडा सांगा, मी साहेबापुढे ठेवतो."

"आकडा नाही माझ्यापाशी."

"म्हणजे त्यायच्यापाशी आकडा आहे अन् तुमच्यापाशी नाही." तो हे टोमणा म्हणून बोलला नाही. "अन् इथं काय ठेवलं आहे? रोज राख खाऊन राहिलो."

"त्यायचा आकडा मीच बनवला," मी म्हणालो. "त्याच्यावर एकदा भरवसा ठेवला होता."

मग मी जयाला फोनबद्दल सांगितलं. मालगाडी, ब्रेकचा डबा, अडीच मैल. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. चंद्रभानने हातोडी खाली ठेवली.

जयाच्या हातात टॉवेल होता. तो तिने झटकला, पुन्हा झटकला. त्यावर आता काहीच नव्हतं.

"आई काय म्हणाली?"

मी सांगितलं. वेण्यांचंही सांगितलं.

"तुम्ही नव्हत्या घातल्या," ती म्हणाली. "अंजनाबाईनंच घातल्या होत्या." मग घडी करत करत म्हणाली, "आम्ही चाललो बाबा. ह्यायची नोकरी आहे, मी एकटी इथं काहून राहू? पण तिकडे वारा सुटला तर मी तुम्हाले फोन करणार नाही. तुम्हाले इचारणार नाही."

"नको इचारू," मी म्हणालो. "निघून येजो. कोणी काही म्हटलं तरी."

ती कपडे घेऊन आत गेली. मला शेवटच्या बसपर्यंत सोडायलाही आली नाही, चंद्रभान आला.

जूनमध्ये ते गेले. पत्रं आली, तीही चंद्रभानची. भिंतीवर संध्याकाळी लोक फिरायला जातात, मासळी स्वस्त आहे, जया तेलुगू शिकून राहिली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेडिओवर अंदमानकडे कमी दाबाचं क्षेत्र सांगितलं. दोन दिवसांनी त्याला वादळ म्हणाले, मग तीव्र वादळ. मी स्टेशनवर जायला लागलो. दक्षिणेकडून सकाळी येणाऱ्या दोन्ही गाड्या मी पुढून मागेपर्यंत बघायचो. पहिल्या दिवशी कुणी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दुसरी गाडी दोन तास उशिरा आली आणि शेवटून तिसऱ्या डब्यातून जया उतरली. हातात एक पिशवी. केस विंचरलेले नव्हते.

मी तिच्या मागे दारात बघत राहिलो.

"ते नाही आले," ती म्हणाली. "भिंतीपाशी पाणी उपसायचे पंप आहेत, त्याच्यावर ड्यूटी लावली त्यायची. मी म्हटलं, सोडा अन् चला. म्हणाले, पंधरा फूट आहे, काही होत नाही. बायकापोरं कोणीच नाही निघाले बाबा. सगळे दारं लावून बसले आहेत."

"काल पाणी कसं होतं?"

"भिंतीच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. वारा नव्हता अजून."

स्टेशनबाहेर फोनचा बूथ होता. मी तिला हात धरून तिथे नेलं. वाटेत चंद्रभानला काय सांगायचं ते मनात म्हणत राहिलो. पंप सोड, जी गाडी मिळेल तिच्यात बस, नाही तर पश्चिमेकडे चालत सुट.

जयाने कारखान्याचा नंबर सांगितला. बूथवाल्याने फिरवला, पुन्हा फिरवला, मग दुसऱ्या गावाचा कोड लावून पाहिला.

"उधर की सब लाइन बंद है अंकल," तो म्हणाला. "दस बजे से. शाम को देखो."

घड्याळात पावणेबारा झाले होते. जया बूथमधल्या स्टुलावर बसली. बाहेर दोन माणसं फोनसाठी थांबली होती. तिने त्यांना जागा करून दिली नाही.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.