बाबांना पेलेल असा सेल

खाली दुरुस्तीचं दुकान, वर राहती खोली. पस्तीस वर्षं बाबांनी त्या दुकानात रेडिओ, पंखे, मिक्सर उघडले आणि जोडले. लेकीलाही तेच शिकवलं. आता दुकान ती चालवत होती आणि बाबा वर पलंगाला खिळले होते. नसांच्या आजारानं आधी पाय नेले, मग डावा हात. उजव्या हातात तेवढी धुगधुगी उरली होती. आवाज तर इतका खोल गेला होता, की जिन्यापर्यंतही पोचत नसे.

एकदा पाणी मागून मागून त्यांचा घसा कोरडा पडला आणि हिला खाली पत्ताच नाही. त्याच आठवड्यात तिनं रिमोट करायला घेतला. वर बटण दाबलं, की खाली घंटी वाजावी. वायर ओढून भागलं नसतं. बाबांची कूस सारखी बदलावी लागे, वायर अंगाखाली आली असती.

सर्किट जमलं. घोडं अडलं ते सेलपाशी. ती सगळे सेल आणि व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन वर गेली. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल तिनं त्यांच्या तळहातावर ठेवला.

"दगड बांधून विहिरीत सोडतेस की काय मला?" बाबा पुटपुटले.

मग दोन पेन्सिल सेल. बोटं मिटली, पण मनगट काही उचललं गेलं नाही.

"हा बटणसेल हलका आहे," ती म्हणाली, "पण सिग्नल सोडताना सर्किट एकदम करंट ओढतं. याचं व्होल्टेज पडतं."

"शेजारी कपॅसिटर टाक. तो झटका झेलेल. हे मी सांगायचं?"

"टाकते हो. पण तरी हा सहा-सात महिन्यांत संपेल, बाबा. पेन्सिल सेल दोन वर्षं चालतील."

"दोन वर्षं कुणाला हवीत?"

ती उगाच मीटरच्या वायरी गुंडाळत राहिली.

"हलका दे, बाळ. मला उचलता आला म्हणजे झालं."

पहिल्या दिवशी घंटी अकरा वेळा वाजली. दर वेळी ही धापा टाकत वर. "रेंज बघत होतो," बाबा म्हणायचे, आणि डोळ्यांतून हसायचे.

चौथ्या महिन्यात एक अख्खी सकाळ घंटी वाजली नाही. ती वर धावली. बाबांचा अंगठा बटणावरच होता. कपाळावर घाम होता. तिनं रिमोट उघडून मीटर लावला. सेल ठणठणीत होता.

"सेल गेला ना?" त्यांचे ओठ हलले.

सर्किटच्या बाबतीत ती त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

"हो, गेला," ती म्हणाली. "बदलते."

तिनं त्यांच्यादेखत नवा सेल बसवला. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, पण दुसरं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कामाचं टेबल वर आणलं. गिऱ्हाइकं खालून हाका मारू लागली. एकोणीस दिवस बापलेक एकाच खोलीत होते. विसाव्या दिवशी दुपारी एका जुन्या पंख्याची गुंडाळी सोडवताना तिनं विचारलं, "बाबा, याचे वेढे किती हो?" आणि उत्तर आलं नाही.