सर्वेशच्या नवसाचं बकरं

माझ्या मुलाला डेंगी झाला तेव्हा त्याच्या प्लेटलेट नऊ हजारांवर आल्या होत्या. आयसीयूबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी गावाकडच्या म्हसोबाला बकरं बोलले. मी नौपाड्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढते. प्लेटलेट म्हणजे काय ते मला कळतं. तरी बोलले. पोरगा मरायला टेकल्यावर कोण शहाणपणा करत बसतं?

सर्वेश वाचला. नवस मात्र दोन वर्षं राहून गेला. आमचं गाव खटाव तालुक्यात, आणि सासूबाईंचा खुबा मोडलेला. त्यांना गाडीत सात तास बसवणं शक्य नव्हतं आणि त्यांच्याशिवाय नवस फेडायचा नव्हता. शेवटी असं ठरलं की बकरं टिटवाळ्याला आमच्या बिल्डिंगखाली आणायचं, सासूबाईंनी लिफ्टनं खाली येऊन हळदकुंकू लावायचं, आणि मग खडवलीला नेऊन कापायचं. तिथं माझी मैत्रीण भावना हिच्या घरची जमीन आहे. बकरंही त्यांच्याच गोठ्यातलं.

सासूबाईंची एकच अट होती. बकरं मुलाणीच कापणार.

आमच्या भागात ही रीतच आहे. देवाचं बकरं मुलाण्याच्या हातचंच लागतं. जत्रा हिंदूंची, देव हिंदूंचा, नवस हिंदूंचा, आणि सुरी मुलाण्याची. त्याचा वाटा वेगळा काढतात, तो त्याचा मान. दुसऱ्या कुणी कापलं तर सासूबाईंच्या पिढीतली माणसं तोंडात घास घालत नाहीत. आमच्या गावचे मुलाणीतात्या आता कल्याणला मुलाकडे राहतात. मुलगा अल्ताफ फ्रीज-एसी दुरुस्त करतो.

आता आमच्या घरातली खरी घाण सांगते. माझा नवरा तानाजी दिवसभर मोबाइलवर मेसेज पुढे ढकलतो. मटण आपल्या माणसाकडूनच घ्या, त्यांच्या दुकानात पाय ठेवू नका, त्यांना भाड्यानं घर देऊ नका. सोसायटीच्या कमिटीत आहे. गेटवर नाव-गाव विचारून मगच भंगारवाला आत सोडायचा, हा ठराव त्यानंच आणला, आणि कुठली नावं परत पाठवायची ते वॉचमनला तोंडी सांगितलं. आणि त्याच मोबाइलवर दर दिवाळीला मुलाणीतात्यांना फोन करून तब्येत विचारतो. यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही. मलाही नाही. आमच्याकडे मुसलमान म्हणजे बातम्यांतले, आणि मुलाणीतात्या म्हणजे मुलाणीतात्या. त्यांचं नाव दस्तगीर आहे हे घरात कुणी उच्चारलंच नव्हतं.

मग सर्वेशला कसं कळणार? तो इथंच वाढला. गावाला गेला तर चार दिवस, तेही लहानपणी. गुरव असतो, न्हावी असतो, तसा मुलाणी असतो, एवढंच त्याच्या डोक्यात. ठरलेल्या रविवारी सकाळी जिमला जाताना त्यानंच फोन लावला होता.

"तात्या, कुठवर आलात? लोकेशन पाठवू का?"

"लोकेशन काय करतू रं, तोंड हाय की इचारायला."

सर्वेश हसत हसत बाहेर पडला.

मे महिना होता. बकरी ईद तीन आठवड्यांवर आलेली. बकरं अकराला येणार होतं, सर्वेशलाही तेवढंच माहीत, पण भावनाच्या घरचा टेम्पो खडवलीहून साडेनऊलाच येऊन थांबला. पाठोपाठ तात्या आले. तेवढ्यात वॉचमन नाश्त्याला गेलेला. टेम्पोवाल्यानं बकरं पार्किंगच्या खांबाला बांधलं आणि तोही चहाला गेला. तात्या खाली बसून बकऱ्याचे दात बघत होते. खोट नाही ना, ते बघावं लागतं. डोक्यावर जाळीची टोपी, दाढी, बाजूला रेक्झिनची पिशवी.

तिसऱ्या मजल्यावरच्या विनीतनं गॅलरीतून व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "आपल्या सोसायटीत कुर्बानी सुरू. कोणाच्या परवानगीने?"

मी किचनमध्ये वाटण वाटत होते. तानाजीनं मोबाइल बघितला, चेहरा उतरला, चप्पल घातली आणि "बघून येतो" म्हणून गेला. मला वाटलं तात्यांना वर घेऊन येईल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खालून आवाज वाढला तशी मी गॅलरीत गेले.

खाली पंधरा-वीस माणसं गोल करून उभी. मधे तात्या आणि बकरं. आणि तात्यांच्या अंगावर धावून जाणारा माझा सर्वेश. जिमच्या कपड्यांत, सोबत जिममधले बंटी आणि हितेश, ग्रुपवरचा व्हिडिओ बघून धावत आलेले.

"ए चाचा, किसका बकरा है? किसने बुलाया?"

"बाळा, हितल्याच मानसाचं हाय. वर निरोप धाडा."

"मराठी बोलून शेंडी नको लावू. पिशवीत काय आहे?"

त्यानं पिशवी हिसकावली आणि उलटी केली. कापडात गुंडाळलेल्या दोन सुऱ्या फरशीवर पडल्या. सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

"बघा, तयारीनं आलाय," बंटी म्हणाला.

"आज बकरा, उद्या आपण," कोणीतरी मागून बोललं. दोघंतिघं हसले.

सेक्रेटरी माझ्या नवऱ्याकडे वळले. "तानाजीराव, तुम्ही ओळखता का यांना?"

तानाजी हात मागे बांधून उभा होता. दोन पावलांवर. तात्या त्याच्याकडे बघत होते. ज्या माणसानं त्याला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो माणूस त्याच्याकडे बघत होता. आणि माझा नवरा म्हणाला, "चौकशी करावी लागेल."

मी जिन्यानं उतरले. दुसऱ्या मजल्यावरून खाली यायला किती वेळ लागतो? तेवढ्यात सर्वेशनं तात्यांना ढकललं होतं आणि टोपी खाली पडली होती.

तात्या टोपी उचलायला वाकले नाहीत. सर्वेशच्या तोंडाकडे नीट बघत म्हणाले, "आवाज वळखीचा वाटला म्हणून बघतुय. तू सर्वेश न्हवं का रं? तुज्या जावळाचं बकरं म्याच कापलं व्हतं."

सर्वेशचा हात तसाच राहिला.

माझे हात मसाल्यानं भरलेले होते. मी तशीच मधे गेले आणि म्हणाले, "बकरं आमचं आहे. नवस माझा आहे. हे आमच्या गावचे मुलाणी आहेत, आम्ही बोलावलंय. कापणार खडवलीला आहे, इथं नाही. अजून कुणाला काय विचारायचंय?"

विनीत म्हणाला, "अहो वहिनी, आधी सांगायचं ना. ग्रुपवर टाकलं असतं तर हे झालंच नसतं."

"तुम्ही यांना विचारलं असतं तरी झालं नसतं."

"पण कळणार कसं? ते दिसतातच तसे."

"कसे?"

सेक्रेटरी लगेच गोड झाले. "म्हणजे हे आपलेच आहेत. गैरसमज झाला, काका, मनावर घेऊ नका." अर्ध्या मिनिटापूर्वी कापायला आलेला माणूस आता आपला झाला, कारण आम्ही त्याची हमी दिली. आणि ज्याची हमी द्यायला कुणी उतरत नाही, त्याचं काय होतं, ते मी टीव्हीवर बघत आलेय. बघता बघता भाजीही निवडत आलेय.

सासूबाई लिफ्टनं खाली आल्या, वॉकर घेऊन, हळदकुंकवाची वाटी वॉकरच्या पिशवीत. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. फरशीवर सुऱ्या बघितल्या, टोपी बघितली आणि त्यांना कळलं.

"दस्तगीर," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "कुनी केलं ह्ये?"

"ऱ्हाऊ द्या आक्का." तात्यांनी सुऱ्या गोळा केल्या, कापडात गुंडाळल्या, पिशवीत ठेवल्या. टोपी झटकून खिशात घातली, डोक्यावर नाही. मग आपला उजवा हात सासूबाईंसमोर धरला. तो थरथरत होता. "ह्या हातानं मी आज सुरी धरनार न्हाई. घाव एकच लागतू. हात हालला तर जनावराचं हाल हुत्यात. मुक्या जीवाचं पाप मला नगं."

"मग कुणी कापायचं?" तानाजी बोलला. एवढ्या वेळात तेवढंच.

हितेश म्हणाला, "काका, माझ्या ओळखीचा नाथा आहे ना, झटका मटणवाला. वीस मिनिटांत येतो. आपला माणूस."

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "त्येनं कापलं तर तूच खा."

तात्या स्टेशनकडे चालत गेले. रिक्षा करून देते म्हटलं, तर नको म्हणाले. बकरं टेम्पोतून परत खडवलीला गेलं.

वर आल्यावर तानाजी म्हणाला, "मी सांगणारच होतो. जरा वातावरण शांत होऊ देत होतो."

"तोपर्यंत त्यांना मारलं असतं तर?"

"एवढं काय होत नाही गं."

मी त्याच्याशी बोलणं थांबवलं. सर्वेशचं तसं सोपं नव्हतं. तो दार लावून बसला होता. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाला, "तुम्ही मला कधी सांगितलंच नाही ते मुस्लिम आहेत."

"सांगितलं असतं तर नसतं ढकललंस?"

"तसं नाही."

"मग कसं? ओळखीचा नसता तर चाललं असतं?"

तो परत आत वळला. त्या क्षणी मला त्याची चीड आली आणि तेवढीच माझी. त्याचे पप्पा ते मेसेज मोठ्यानं वाचून दाखवायचे तेव्हा मी पोळ्या लाटत होते. एकदाही म्हटलं नाही की बंद करा.

नवस राहिला. सासूबाईंनी जेवण अर्ध्यावर आणलं. "माज्या डोळ्यांदेखत फिटू दे गं," एवढंच म्हणायच्या. मी बुधवारी कामावरून सुटले ती थेट कल्याणला तात्यांच्या घरी गेले. दार अल्ताफनं उघडलं. आत बोलावलं नाही.

"वहिनी, एक विचारू? आमच्या मशिदीतले लोक अब्बांना आधीच बोलतात. दुसऱ्यांच्या देवाचं बकरं कापणं गुनाह आहे म्हणतात. मी पण तेच म्हणतो. तरी ते आले. आणि तुमच्याकडे त्यांची टोपी पाडली. मग त्यांनी जायचं कुठं?"

"चूक आमची आहे," मी म्हणाले.

"सगळे तसलेच तुम्ही," तो म्हणाला. "तोंडावर गोड."

आतून तात्यांचा आवाज आला. "अल्ताफ, पानी दे तिला." ते पुढे येऊन बसले. मी पाणी प्यायले.

"मी बिस्मिल्ला म्हनून सुरी फिरवतू," ते पोराला ऐकू जाईल असं म्हणाले. "त्येंचा देव काय ऐकतू, ते त्येंचं त्येंनी बघावं. माज्या बापानं बी असंच केलं." मग मला म्हणाले, "आक्काचं वय झालंय. मी येतू. तुमच्या गेटात न्हाई यायचा. रविवारी खडवलीला येतू. पन बकऱ्याचं पाय पोरानं धरायचं. ज्येच्यासाठी नवस, त्येनं."

घरी येऊन मी तसंच सांगितलं. तानाजी म्हणाला, "रविवारी माझी कमिटीची मीटिंग आहे." त्या रात्री मी सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्यांदाच काही लिहिलं. काय झालं, कुणी काय केलं, माझ्या मुलाचं आणि नवऱ्याचं नाव घालून. दोघांनी हात जोडलेले इमोजी टाकले. सात जण ग्रुप सोडून गेले. विनीतनं खाली गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

रविवारी बकरं आधी गेटपाशी आणलं. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, तिथंच उभ्या राहून, जाणारे-येणारे बघत असताना. मी टेम्पोत पुढे बसले. सर्वेश न सांगता मागे चढला आणि बकऱ्याची दोरी धरली.

खडवलीला भावनाच्या वाडीत तात्या आधीच येऊन बसले होते. आज टोपी डोक्यावर होती. अल्ताफ आला होता, पण बाइकवरून उतरला नाही. म्हसोबाच्या नावानं एक दगड शेंदूर लावून मांडला होता. बकऱ्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं की त्यानं अंग झाडावं लागतं. झाडलं म्हणजे देवाला मान्य. झाडेपर्यंत कापत नाहीत.

बकरं झाडेना. मी पुन्हा पाणी शिंपडलं. ते नुसतं उभं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. ऊन चढलं. सर्वेश दोरी धरून उभा, समोर तात्या, मधे बकरं. पोराच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि तो पुसत नव्हता.

मग बकऱ्यानं कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. पाणी दोघांच्याही अंगावर उडालं.

सर्वेशनं गुडघे टेकून पाय धरले. तात्या त्याच्या शेजारी बसले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. सुरी काढली. सर्वेश खाली बघत म्हणाला, "तात्या, त्या दिवशी मी..."

"आत्ता बोलू नगंस," तात्या म्हणाले. "जनावर बुजतं. घट्ट धर."

त्यांचा हात थरथरत नव्हता. घाव एकच लागला.

त्यांनी आपला वाटा घेतला, तो त्यांचा मान होता. भावनानं चहा आणला, तो घेतला नाही. पिशवी काखेत मारून बाइकवर बसले. सर्वेश रक्ताचे हात घेऊन दोन पावलं त्यांच्या मागे गेला. अल्ताफनं गाडी चालू केली होती.