न पेरलेल्या रानाची राखण

२००१ सालच्या मार्गशीर्षात गोजरबाईचा धाकटा दीर भिमाजी टेकाडावर माळा उभारू लागला. चार मेढी, वर फळ्या. पाखरं हाकायला बांधतात तसाच.

आळे गावच्या शिवारातलं तिचं सडकेकडेचं घर त्याला हवं होतं. आषाढातच त्याने वाट काट्यांनी बुजवली, पाणी तोडलं. विधवा गोजरबाई हटली नाही. मुलगा हौशीराम मंचरला कांद्याच्या आडतीवर, रविवारी येणारा. एरवी ती आणि सून भागू लोकांच्या बांधांवरून हंडे वाहत. म्हातारी दोन वर्षं दाद देणार नाही, असं गावच म्हणे.

घराला संडास नव्हता. दोघी टेकाडाखालच्या ओढ्यात जात, आडोसा तेवढाच; तेही उजेडी. अंधार पडला की उसात बिबट्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी तांबे घेऊन निघाल्या, तर भिमाजी माळ्यावर बसलेला. वरून सगळा ओढा दिसत होता.

"भावजी, काय पेरलंय वं?"

"पेरीन की, वैनी. तवर पाखरं राखतो."

भरले तांबे घेऊन त्या परतल्या. दिवस मावळेतो तो हलला नाही.

गोजरबाई पोलीसपाटलाकडे गेली. तो खाली बघत राहिला.

"आपल्या रानात बसलाय, मावशे. कंचं कलम लावू?"

भागूला सातवा महिना होता. तिने पाणी पिणं सोडलं. तिसऱ्या दिवशी गोजरबाईने पेला पुढे केला, तो तिने पालथा घातला.

"तहान न्हाई, आत्याबाई."

तिचे ओठ फुटले होते.

चौथ्या दिवशी दुपारी गोजरबाईने घराची किल्ली बांधावरच्या दगडावर ठेवली. भिमाजी सावकाश खाली उतरला.

"जपून जावा, वैनी," तो म्हणाला.

आवाज कुणाचाच चढला नाही. भांडणावाचून मिटलं म्हणून गावाने दोघांनाही नावाजलं.

घराच्या जागी भिमाजीने दुकानाचे गाळे काढले आणि पुढे दहा वर्षं सुखात जगला. टेकाडावर त्याने कधीच काही पेरलं नाही; माळा उभ्या उभ्या कुजला. भागूला मुलगी झाली, समृद्धी. आईने एवढं तगून ऐनवेळी कच का खाल्ली, हे हौशीरामला कळलं नाही. तो तिच्याशी तुटकच बोलत राहिला. दोघींनी त्याला कधी सांगितलं नाही. मंचरच्या खोलीत गोजरबाई आणखी सहा वर्षं होती. रोज सकाळी ती संडासाची कडी लावून, ओढून बघायची. मग भागूला पेला भरून द्यायची, आणि ती तो रिकामा करीपर्यंत तिथेच उभी राहायची.