एका बाजूपुरती मोकळीक

हळ्ळीखेडात वृंदाचं घड्याळ सगळ्या गावापेक्षा वेगळं होतं. लोक तास मोजायचे, ती बाजू मोजायची. बाजू म्हणजे कॅसेटची बाजू. गिरणीवरून दळण आणायला एक बाजू पुरायची, वाण्याकडे जाऊन यायला अर्धी. त्याच्या पलीकडे तिचं जग गेलं नव्हतं, कारण बाजू संपली की टेपचं बटण 'खट' करून वर यायचं आणि अण्णा जागे व्हायचे. वृंदा तेव्हा घरात नसली की ते हाका मारत सुटायचे, आणि गल्लीला कळायचं की नरहररावांची लेक उंडारायला गेली.

अण्णा म्हणजे तिचे वडील, नरहरराव. निजामाच्या अमलात ते कचेरीत लागले तेव्हा सगळं दप्तर उर्दूत होतं. छप्पन साली राज्य बदललं आणि कारभार हळूहळू कानडीत गेला. गाऱ्हाणं घेऊन येणारा शेतकरी बोलायचा मराठीत. या तिन्ही भाषांच्या मधे बसून तर्जुमा करण्याचं काम अण्णांच्या वाट्याला आलं आणि ते त्यांनी पेन्शनीत निघेपर्यंत केलं. ते पेन्शनीत निघाले, डोकं मात्र कामावरच राहिलं. कानावर एक शब्द पडला की दुसऱ्या दोन भाषांतले त्याचे भाऊबंद शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शोधताना उजव्या हाताचं बोट मांडीवर, उशीवर, जिथं असेल तिथं लिहीत राहायचं. उर्दू असलं तर उजवीकडून डावीकडे, मराठी-कानडी असलं तर डावीकडून उजवीकडे. गल्लीतून भाजीवाली ओरडत गेली तरी बोट सुरू. पुढं बायको गेली, अंगावरून वारं गेलं, डावा पाय लुळा पडला. बोट तेवढं शाबूत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, दुपारची झोप झाली नाही तर पुन्हा झटका येईल. रात्रीसाठी त्यांनी गोळी दिली. दुपार वृंदाच्या गळ्यात पडली.

थोरला भाऊ गुंडेराव पुण्यात नोकरीला. दिल्लीत एशियाड झालं त्याच्या पुढच्या वर्षी तो दिवाळीला आला, तो टेप घेऊनच. रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. "अण्णाला भजनं लावत जा," म्हणाला, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कर्तव्य उरकल्यासारखा निघून गेला. वृंदानं भजन लावलं. अण्णा सबंध दुपार टक्क जागे. भजनातल्या एका शब्दाला कानडीत जोड मिळेना म्हणून त्यांनी तिला जेवताना दोनदा उठवलं. तेव्हा तिला उमगलं की ह्यांना शब्दच नकोत. नुसतं वाजणं पाहिजे.

नुसतं वाजणं गोळा करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. वृंदा गायनाच्या परीक्षा दिलेली, कान तयार. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे जागा भरायला जे वाजवतात, त्यासाठी ती रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर अंगठा ठेवून बसायची. घावलं ते सगळं चालायचं नाही. सनई बाद, कारण सनई ऐकली की अण्णांना हिचं लग्न राहिल्याचं आठवायचं. सिनेमाच्या गाण्याची चाल बाद, कारण चालीच्या पाठीवर बसून शब्द घरात शिरायचे. सारंगी तर पहिल्याच दिवशी गेली. अण्णा उठून बसले आणि म्हणाले, "ती बाई काय म्हणायली गं? नीट कळेना गेलंय."

मग राहिलं काय? वीणेचा संथ आलाप. जलतरंग, पण सुरुवातीचं, घाई सुटायच्या आधीचं. आणि एका परदेशी स्टेशनवर खरखरीतून सापडलेला पियानो. वाजवणारा एक सूर टाकायचा आणि इतका वेळ गप्प बसायचा, की वाटावं उठून चहाला गेला. अण्णा त्या पियानोवर घोरायला लागले. वृंदाला पहिल्यांदा कळलं की कॅसेट सुरांनी भरते तशी सुरांच्या मधल्या जागेनंही भरते. कशाच्या मागं काय यावं, कुठं नुसतं सोडून द्यावं, ह्याचा तिला नाद लागला. तिनं कॅसेटींना मनातल्या मनात नावं ठेवली. एक पापड वाळत घातलेल्या अंगणाची. एक ऊस तोडून नेलेल्या रानाची. एक गाडी चुकलेल्या स्टँडची.

गावात कॅसेटींचा बोलबाला झाला. हुमनाबादच्या डॉक्टरांनी दवाखान्यात लावायला एक कॅसेट मागून नेली. मराठी गाणं लावलं की कानडीवाले, कानडी लावलं की मराठीवाले आणि उर्दू लावलं की दोघं मिळून तोंड वाकडं करायचे. बिनशब्दाच्या कॅसेटीवर कुणाचाच दावा नव्हता. डॉक्टर म्हणाले, पोरीच्या हाताला गुण आहे. वृंदा खूश झाली. आपणच आपल्या गळ्यातलं दावं वळतोय हे तिला कोण सांगणार? कॅसेट जितकी सरस, तितकी अण्णांची झोप गाढ; आणि झोप जितकी गाढ, तितकी ती तिच्यावाचून अशक्य. शेजारच्या सिद्धम्मानं एकदा टेप लावून दिला तर अण्णा म्हणाले, "वृंदा कुठंय? तिनं लावल्याबिगर लागत न्हाई."

अशात मालतीबाई आल्या. त्या गुलबर्ग्यात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, वृंदाच्या परीक्षांच्या वेळच्या ओळखीच्या. शाळेत गायन शिकवायची जागा निघाली होती. त्यांनी अण्णांच्या देखतच सांगितलं, "मंगळवारी सकाळी शाळेत हजर हो. राहायची सोय माझ्याकडं. तोवर मी जागा धरून ठेवते, त्याच्यापुढं माझ्या हातात न्हाई."

अण्णांचं बोट चादरीवर दोन्ही दिशांनी फिरलं. नौकरी, नोकरी, केलस. मग ते म्हणाले, "जा की. मी काय धरून ठेवलंय का तुला?"

"येते हं नरहरराव," म्हणून मालतीबाई निघाल्या. त्यांची पाठ वळली तसे अण्णा हसले. "बघ, निघणारा माणूस तिन्ही भाषांत खोटंच बोलतो. मराठी म्हणतो येतो. कानडी म्हणतो होगि बर्तीनी, म्हणजे जाऊन येतो. आपले मुसलमान म्हणतात जाको आतूं. सरळ जातो म्हणायची एकाची छाती न्हाई. तर्जुम्याला एवढं सोपं वाक्य दुसरं न्हाई."

त्या दुपारी अण्णांनी डोळा मिटला नाही. पाणी मागितलं, उशी बदलायला लावली, पंखा वाजतो म्हणाले. वृंदानं मुकाट्यानं सगळं केलं आणि चुलीपुढं बसून रडली. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की गुलबर्ग्याची गाडी स्टँडवर हॉर्न द्यायची तेव्हा हातातलं काम टाकून ती दारापर्यंत जायची. ही जागा गेली तर आपण ह्या घरात बाजू उलटत म्हातारं व्हायचं, हे तिला लख्ख दिसत होतं.

रडून झाल्यावर ती उठली आणि कामाला लागली. जेवणपाणी बघायला सिद्धम्मा तयार झाली; दुपारसाठी आपल्या जागी बसेल अशी कॅसेट करायची, असं तिनं ठरवलं. जुन्या कॅसेटींतून तिनं एकेक तुकडा पारखून घेतला. डॉक्टरांचा टेप दोन दिवस मागवून घेतला, एकावर वाजलेलं दुसऱ्यावर भरायला दोन्ही टेप समोरासमोर ठेवले, दारं लावली आणि कोंबड्या हाकलल्या. आधी वीणा, म्हणजे अण्णांचा श्वास खाली येईल. मग जलतरंग, त्यात चुकून तिच्याच बांगड्या वाजल्या होत्या, त्या तशाच राहू दिल्या. मग पियानो, आणि पियानोनंतर लांबलचक शांतता, म्हणजे ती 'खट' एकदम अंगावर येणार नाही. कव्हरवर तिनं 'दुपार' एवढंच लिहिलं. मनातलं नाव होतं 'दार पुढं लोटलेल्या घराची'.

शनिवारी तिनं परीक्षा घेतली. कॅसेट लावली, सिद्धम्माला पलंगापाशी बसवलं, बाजू संपली की उलटायला सांगितलं आणि मारुतीच्या देवळामागं जाऊन बसली. कान मात्र घराकडं होते. हाक आली नाही. बऱ्याच वेळानं ती धावत घरी आली तर सिद्धम्मा दारात ओशाळी उभी.

"वृंदक्का, माझाच डोळा लागला. मी उलटलीच न्हाई."

"मग? अण्णा उठले?"

"कुठलं! खट झालं तरी हलले न्हाईत. लाकडावानी पडलेत बघ."

रविवारीही तसंच झालं. वृंदाला आभाळ ठेंगणं झालं. 'खट' ऐकूनही जाग येऊ नये अशी कॅसेट आपण केली! अण्णा संध्याकाळी म्हणाले, "लई ग्वाड झोप लागली," आणि तिनं ते खरं मानलं. स्वतःच्या हातच्या स्वयंपाकाची चव माणसाला कळत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

सोमवारी जेवण झालं. तिनं अण्णांना औषध दिलं, कॅसेट लावली, ट्रंक ओसरीवर नेऊन ठेवली. सिद्धम्मा स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. अण्णांनी डोळे मिटले होते, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. वृंदा वाकली आणि हळू म्हणाली, "अण्णा, येते मी."

 ती वळणार एवढ्यात तिला चादरीवर काहीतरी हललेलं दिसलं. अण्णांचं बोट. उजवीकडून डावीकडे गेलं, थांबलं, आणि डावीकडून उजवीकडे आलं.

अण्णा जागे होते. आज जागे, म्हणजे कालही जागे. परवाही. खट ऐकून, डोळे मिटून, हाक गिळून हा माणूस दोन दुपारी लाकडासारखा पडून राहिला, डॉक्टरांनी झटक्याची भीती घातलेली असताना. आणि आपण देवळामागं बसून आपल्या कॅसेटीची पाठ थोपटत होतो.

तिला आधी राग आला, आणि तो खरा होता. अण्णा आडवे आले असते तर ती भांडून गेली असती, पाय आपटत गेली असती. अडवणाऱ्याला ओलांडता येतं. डोळे मिटून वाट देणाऱ्याला कसं ओलांडायचं? झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं अण्णाच तिला लहानपणी सांगायचे, आणि तिन्ही भाषांत म्हणून दाखवायचे.

वीणा संपून जलतरंग सुरू झालं. स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. ट्रंक आत आणून ठेवायला काहीच वेळ लागला नसता. अण्णा संध्याकाळी उठून काहीच विचारणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. आणि उद्या दुपारी ती पुन्हा बाजू उलटायला उभी असेल.

ती पुन्हा वाकली. "अण्णा," ती म्हणाली, "मी जाते."

बोट थांबलं.

"हां," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "आता शब्द बराबर घातलास." जलतरंग वाजत होतं. त्यात तिच्या बांगड्या वाजल्या. "बाजू चालू हाय तवर नीघ, पोरी. संपल्यावर मला जमायचं न्हाई."

ती निघाली. दार तिनं नुसतं पुढं लोटलं. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, मांडीवर पिशवी, पायाशी ट्रंक. गाव मागं पडलं आणि तिच्या डोक्यात कॅसेट चालू झाली. ती बंद करायचं बटण कुठं नव्हतं. आता जलतरंग संपलं. आता पियानो. गाडी खडखडत होती, कंडक्टर कानडीत ओरडत होता, पुढच्या बाकावर दोघं दखनीत भांडत होते, आणि त्या सगळ्यातून तिला एक सूर आणि त्याच्यामागची जागा नीट ऐकू येत होती. मग ती लांबलचक शांतता आली, तिनं स्वतः ठेवलेली.

हुमनाबादच्या अलीकडं बाजू संपली आणि ती उलटायला तिचा उजवा हात एकदम पिशवीवरून उठला आणि अंगठा हवेतच खाली दाबला गेला. शेजारची बाई दचकली.

"काय पायजे, अक्का?"

"काही न्हाई," वृंदा म्हणाली. हात खाली घेतला आणि गुलबर्गा येईपर्यंत दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला.