पाणथळाची हजेरी

चटईवाल्या मावशीनं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही हसतमुखानं. झालं असं, की शहरातून एक संशोधक बाई कागद घेऊन दारोदार हिंडत होती. "गावाबाहेरचं पाणथळ टिकावं म्हणून वर्षाला किती पैसे द्याल?" एवढंच विचारायची. आता कागद घेऊन पैशाचं विचारणारं माणूस कर लावायलाच येतं, हे गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. सगळ्यांनी एकजात हात वर केले. न्हावी म्हणाला, तिथं नुसते डास आहेत. शिंपीण म्हणाली, मी जन्मात तिकडे पाऊल टाकलेलं नाही. आणि त्याच पाणथळातल्या लव्हाळ्याच्या चटया विणून जिचं पोट चालायचं, ती मावशी म्हणाली, "दमडी देणार नाही. घाण आहे ती."

चौथ्या दिवशी बाई मावशीकडे पाणी प्यायला थांबली आणि सहज बोलून गेली, "कुणालाच नकोय म्हटल्यावर गिरणीवाल्या काकांचा अर्ज मंजूर होणार. भराव टाकून तिथं ट्रक उभे करायचेत त्यांना."

मावशीनं हातातली चटई बाजूला टाकली. "म्हणजे तू कर लावायला नाही आलीस?"

"नाही हो. मी निसर्गाची किंमत काढते. माणसांना विचारून."

"आमच्या माणसांना?" मावशीला हसावं की रडावं कळेना. "अगं, इथं कुणाला जेवलास का विचारलं, तरी तो आधी म्हणतो, कशाला विचारतोस? तू विचारूच नकोस. उद्या उजाडल्यावर माझ्याबरोबर चल, गुपचूप बस आणि मोज."

सकाळी दोघी लव्हाळ्याआड बसल्या. चिखलाचा वास नाकात भरला होता. पहिली आली शिंपीण, धुण्याचं हे एवढं बोचकं घेऊन. पाठोपाठ न्हावी, खांद्यावर गळ टाकून.

"डास पकडायला आला असेल," मावशी पुटपुटली.

गवत कापणारे आले, बदकंवाली आली. बाईची पेन्सिल थांबेना. पण मावशीचा जीव काही थाऱ्यावर नव्हता, कारण गावात शब्द चालायचा तो काकांचा.

आणि काकाच आले. पुढे दोन म्हशी. त्या थेट पाण्यात शिरल्या आणि गळ्यापर्यंत बसल्या. मावशी उठून उभी राहिली तसे काका दचकले.

"भराव किती लागेल ते बघायला आलोय," ते म्हणाले.

"बघा की. आणि भरल्यावर ह्या दोघींना कुठं नेणार?"

"नेईन कुठंही."

"मग आत्ताच न्या."

काकांनी हाका मारल्या, चुचकारलं, शेवटी धोतर वर खोचून स्वतः चिखलात उतरले. म्हशींनी कानसुद्धा हलवला नाही.

"इथं बसल्याशिवाय दूधच देत नाहीत मेल्या," काका वैतागून बोलून गेले.

"हेही लिही," मावशी बाईला म्हणाली.

काकांनी गुडघाभर चिखलातून एकेक पाय उपसला. मग म्हणाले, "अर्ज मी मागं घेतो. पण बाई, कागदावर म्हशींचं नाव नको. निसर्गासाठी मागं घेतला, असं लिहा."