पाच महिने न पुसलेला फळा

मी एक जुना फळा आहे. बेसा भागातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत मी टांगलेला आहे. मित्रांनो, सुताराने मला सागाची चौकट दिली आणि काळ्या रंगाचे तीन हात मारले. जरीपटक्यातल्या एका शिकवणीत मी अकरा वर्षं राबलो. तिथे पांढरे फळे आले, तेव्हा तिथल्या शिक्षिका यमुताई मला घरी घेऊन आल्या.

यमुताई घरीच शिकवणीच्या मुलांना गणित शिकवत. क्रिकेटचं त्यांना वेड. कसोटी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि माझ्यावर नऊ संघांचा तक्ता आला. एक चक्र दोन वर्षांचं. शेवटी पहिल्या दोन संघांचा अंतिम सामना. प्रत्येक कसोटीनंतर आकडे बदलत. ते कसे बदलतात, याचं मला फार कुतूहल वाटे.

त्यांचे यजमान गिरिधरराव यांना क्रिकेट कळत नसे. "गुण आहेत, मग हे टक्के काहून?" ते विचारत.

"अहो, कोणी बारा सामने खेळते, कोणी बावीस. नुसते गुण पाहून कसं जमन?"

"पाच दिवस खेळून निकाल लागत नाही, अन् टक्के पाहा, दोन दशांशापर्यंत!"

मुलं खो खो हसत.

दोन अंतिम सामने भारत हरला. दोन्ही वेळा यमुताईंनी विजेत्याचं नाव नीट लिहिलं आणि नवा तक्ता आखला. मग या जानेवारीत सिडनीची कसोटी संपली. त्यांनी लिहिलं : भारत, तिसरा, ५० टक्के. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

त्यांच्या अक्षराला कोणाचा हात लागू नये म्हणून गिरिधररावांनी माझ्यावर चादर टाकली. मुलं यायची थांबली. बाहेर सामने चालूच होते. मला काहीच कळत नव्हतं.

जूनमध्ये अंतिम सामना आला, तेव्हा गिरिधररावांनी चादर काढली आणि टीव्ही लावला. यमुताईंनी सगळ्यांत वर दक्षिण आफ्रिका लिहिली होती. ती जिंकते का, एवढंच गिरिधररावांना पाहायचं होतं. चौथ्या दिवशी आफ्रिका जिंकली. ते माझ्यापाशी आले आणि यमुताईंच्या अक्षराकडे पाहून हळूच म्हणाले, "जिंकले वं."

दोन दिवसांनी शेजारच्या सिंधूताई आल्या. "भाऊजी, उद्यापासून नवीन चक्र. गॉलले श्रीलंका अन् बांगलादेश."

"मग?"

"मग हे पुसा लागते. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा."

"चार काढले. फोटोतला खडू हाताले लागत नाही, ताई."

"यमूनं कोणता तक्ता दोन वर्षांवर ठेवला? ती असती तर तुमालेच रागावली असती."

गिरिधररावांनी फडकं ओलं केलं. 'भारत' हा शब्द त्यांनी शेवटी पुसला. मी वाळल्यावर त्यांनी नऊ नावं लिहिली. ओळी तिरक्या गेल्या. प्रत्येकापुढे शून्य.

गॉलची कसोटी अनिर्णित राहिली. जिंकणाऱ्याला बारा मिळतात; इथे दोघांना चार-चार गुण. "बारापैकी चार," गिरिधरराव पुटपुटले आणि माझ्या कोपऱ्यात भागाकार मांडू लागले. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा तेहेतीस पूर्णांक तेहेतीस आलं. त्यांनी सिंधूताईंना हाक मारून विचारलं, "ताई, शिकवणीची पोरं आता कुठं जाऊन राहिली?"

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा फळा असेल, तर त्याला झाकून जपू नका. त्याच्यावर लिहा, चुका, पुसा. आम्हाला खडूची धूळ चालते.